बायबलचा प्रत्येक शब्द अक्षरशः खरा मानला नाही, तर विश्वास उरतो का?

अकरावी-बारावीच्या वयात चर्चमधल्या पुष्कळ मुलांना एकच शंका छळते आणि बहुतेक वेळा ती मनातच राहते. कॉलेजात शिकवतात की पृथ्वीचं वय सुमारे ४५४ कोटी वर्षं आहे. बायबलच्या पहिल्या पुस्तकात, म्हणजे उत्पत्तीत, पहिल्याच अध्यायात सहा दिवसांत सगळी सृष्टी होते, आणि पुढच्या वंशावळींतली वर्षं जोडत गेलं तर जगाचं वय सहा हजारांच्या आसपास येतं. दोन्ही खरं कसं असेल? एखादं मूल धीर करून हे विचारतं तेव्हा त्याला ठरलेलं उत्तर मिळतं: वचनावर शंका घेऊ नकोस, आज उत्पत्ती नाकारलीस तर उद्या ख्रिस्त नाकारशील.

मला या उत्तराची भीती वाटते, कारण मुलं ते खरं मानतात. सृष्टीचे सहा दिवस आणि ख्रिस्त एकमेकांना बांधलेले आहेत, हे त्यांच्या मनात पक्कं बसतं. पुढे शिवाजी विद्यापीठात नाहीतर पुण्या-मुंबईत विज्ञान शिकताना सहा दिवस सुटतात आणि गाठ आधीच मारलेली असल्यामुळे ख्रिस्तही सुटतो. ही गाठ कुणी आणि कधी मारली, आणि ती सोडूनही माणूस ख्रिस्ती कसा राहतो, हे इथे सांगायचं आहे. ख्रिस्ती नसलेल्या वाचकांनाही यात रस वाटेल असं मला वाटतं. पवित्र ग्रंथ वाचायचा कसा, हा प्रश्न एकट्या आमच्या घरचा नाही.

आधी दोन दावे वेगळे करू. बायबल ईश्वरप्रेरित आहे, हा पहिला. रोमन कॅथलिक, प्रेस्बिटेरियन, मेथडिस्ट, चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, सगळ्यांना तो मान्य आहे. बायबलमधलं प्रत्येक विधान इतिहास, भूगोल आणि विज्ञानाच्या कसोटीवरही बिनचूक आहे आणि ते शब्दशः घेतलं पाहिजे, हा दुसरा. याला अक्षरवाद म्हणू. पहिल्या दाव्यातून दुसरा आपोआप निघतो असं समजलं जातं, तसं नाही. या बाबतीत नेहमी पुढे केलं जातं ते पहिल्या शतकातला ख्रिस्ती प्रचारक पौल याचं वचन तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात आहे (३:१६). प्रत्येक शास्त्रलेख ईश्वरप्रेरित आहे, असं ते म्हणतं आणि लगेच कशासाठी उपयोगी तेही सांगतं: शिकवण्यासाठी, दोष दाखवण्यासाठी, सुधारण्यासाठी, नीतीचं शिक्षण देण्यासाठी. त्या यादीत खगोलशास्त्र नाही. आणि उपासनेत उभं राहून आपण जो प्रेषितांचा विश्वासांगीकार म्हणतो, त्यात देवबाप आहे, येशू ख्रिस्त आहे, पवित्र आत्मा आहे, पापांची क्षमा आहे, देहाचं पुनरुत्थान आहे. बायबलच्या बिनचूकपणाबद्दल त्यात एक ओळ नाही. शतकानुशतकं मंडळीने विश्वासाचा गाभा म्हणून जे म्हटलं, त्यात ही अट नव्हती.

खरं तर पूर्ण अक्षरवाद कुणी पाळतच नाही. तुझा उजवा डोळा तुला पाप करायला लावत असेल तर तो उपटून टाक, असं डोंगरावरील प्रवचनात प्रभू स्वतः म्हणतो (मत्तय ५:२९). एकाही चर्चमध्ये कुणी हे शब्दशः घेत नाही, आणि न घेणाऱ्याला अविश्वासूही म्हणत नाही. नीतिसूत्रांच्या २६व्या अध्यायात चौथी ओवी म्हणते, मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर देऊ नकोस. पाचवी म्हणते, दे. ज्याने या दोन ओव्या शेजारी शेजारी ठेवल्या त्याला विरोध दिसला नसेल का? दिसलाच असणार. केव्हा गप्प राहायचं आणि केव्हा बोलायचं हे वाचणाऱ्याने ओळखावं, अशी त्याची अपेक्षा आहे. शास्त्र वाचकाकडून शहाणपण मागतं, ते असं.

पण लाक्षणिक अर्थ ही तर विज्ञानाने कोंडीत पकडल्यावर काढलेली पळवाट आहे, असा आक्षेप येतो. इतिहास वेगळं सांगतो. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या ओरिगेन या ख्रिस्ती पंडिताने सरळ विचारलं होतं की सूर्य-चंद्र चौथ्या दिवशी झाले, तर त्याआधीचे तीन दिवस सकाळ-संध्याकाळीसह कसे झाले. हे शब्दशः घेणारा समंजस माणूस कुठे सापडेल? डार्विनच्या सोळाशे वर्षं आधीची ही गोष्ट. चौथ्या-पाचव्या शतकातला थोर धर्मगुरू ऑगस्टिन मानत होता की देवाने सगळं एकाच क्षणी निर्माण केलं आणि सहा दिवस ही समजावून सांगण्याची मांडणी आहे. त्याने एक कडक इशाराही दिला: आकाश, तारे, प्राणी यांबद्दल ज्यांना खरी माहिती आहे अशा बाहेरच्या लोकांसमोर ख्रिस्ती माणूस शास्त्राचा हवाला देऊन चुकीचं बोलू लागला, तर पुनरुत्थानाबद्दल त्याच्यावर कोण विश्वास ठेवील? हे लोक आजच्या अर्थाने आधुनिक होते असं मात्र नाही. ऑगस्टिनलाही जग काही हजार वर्षांचंच वाटत होतं. पण त्यांचा विश्वास त्या आकड्यावर टेकलेला नव्हता.

कोल्हापूरच्या ख्रिस्ती मंडळींनी एक नाव मुद्दाम लक्षात ठेवावं: जॉन कॅल्व्हिन, म्हणजे प्रेस्बिटेरियन परंपरेचा मूळपुरुष. १५५४ मध्ये त्याचं उत्पत्तीवरचं भाष्य प्रसिद्ध झालं. पहिल्या अध्यायात सूर्य आणि चंद्र यांना दोन मोठ्या ज्योती म्हटलं आहे. कॅल्व्हिन म्हणतो, शनी चंद्रापेक्षा मोठा आहे हे खगोलशास्त्रज्ञांनी दाखवलं आहे. परंपरेने उत्पत्तीचा लेखक मानलेला मोशे मात्र साध्या माणसाच्या डोळ्यांना जसं दिसतं तसं लिहितो. ज्याला खगोलशास्त्र शिकायचं असेल त्याने दुसरीकडे जावं, असं तो स्पष्ट म्हणतो. देव माणसाच्या आकलनाला पेलेल अशा बोलीत बोलतो, हा त्याचा आवडता विचार होता.

मग आजचा अक्षरवाद आला कुठून? त्याचे धागे बरेचसे एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत सापडतात, आणि त्यातला एक आपल्या गावाजवळून जातो. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरात आले. त्यांच्या नावाचं चर्च आजही शहरात आहे. १८६३ मध्ये कोल्हापुरात जन्मलेला त्यांचा मुलगा रॉबर्ट पुढे अमेरिकेत प्रिन्स्टनला शिकला आणि तिथल्या विद्यार्थी मिशनरी चळवळीचा एक प्रवर्तक झाला. त्याच प्रिन्स्टन गावातल्या सेमिनरीशी (पाळक घडवणाऱ्या विद्यालयाशी) निगडित ए. ए. हॉज आणि बी. बी. वॉरफिल्ड या दोन प्रेस्बिटेरियन विद्वानांनी १८८१ मध्ये एक लेख लिहून बिनचूकपणाचा सिद्धांत नेटकेपणाने मांडला. बायबलची मूळ हस्तलिखितं पूर्णपणे निर्दोष होती, असं त्यांचं म्हणणं. त्यातलं एकही मूळ हस्तलिखित आज अस्तित्वात नाही. आहेत त्या नकला, नकलांच्या नकला आणि भाषांतरं. पुढे १९१० ते १९१५ या काळात एका तेल-व्यावसायिकाच्या पैशातून ‘द फंडामेंटल्स’ नावाची ९० निबंधांची मालिका छापून जगभरच्या पाळकांना आणि मिशनऱ्यांना फुकट वाटली गेली. फंडामेंटलिझम हा शब्द तिथूनच रूढ झाला. गंमत म्हणजे वॉरफिल्डना उत्क्रांती आणि विश्वास यांच्यात अटळ भांडण आहे असं वाटत नव्हतं, आणि त्या निबंधांच्या लेखकांतही पृथ्वी फार जुनी आहे हे मानणारे होते. पृथ्वी सहा-दहा हजार वर्षांचीच आणि सगळे खडक नोहाच्या पुरात, म्हणजे उत्पत्तीतल्या जगबुडीत, तयार झाले, या मताला प्रॉटेस्टंट मंडळ्यांत मोठा जोर चढला तो १९६० नंतर. म्हणजे ज्याला आपण आजोबा-पणजोबांचा जुना विश्वास समजतो, त्याचा बराचसा भाग रेडिओवरच्या आकाशवाणीपेक्षाही नवा आहे.

कॅथलिक चर्चने तर १९९३ मध्ये, बायबलच्या अर्थबोधावरच्या अधिकृत दस्तऐवजात, अक्षरवादी वाचन माणसाला एक प्रकारच्या बौद्धिक आत्महत्येकडे नेतं, असं लिहिलं. इतके कठोर शब्द मी स्वतः वापरणार नाही, पण ते कुठून आले हे कळतं.

आता प्रत्यक्ष वाचूया. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात आधी झाडं, मग जलचर आणि पक्षी, मग जनावरं, आणि सगळ्यात शेवटी माणूस, तोही नर आणि नारी एकदम. दुसऱ्या अध्यायात आधी पुरुष घडतो, मग बाग, मग पशुपक्षी, आणि शेवटी स्त्री. हा क्रम जुळत नाही. जुळवण्यासाठी लोकांनी खूप खटपट केली आहे, पण ज्यांनी हे दोन अध्याय एकापाठोपाठ ठेवले त्यांना ती गरज वाटली नाही. पन्हाळ्याहून विशाळगडाकडे निघालेल्या महाराजांचा आणि बाजीप्रभूंचा पोवाडा आपण ऐकतो, तेव्हा त्यात तलाठ्याचा पंचनामा शोधत नाही, आणि पंचनामा नाही म्हणून पोवाडा खोटा आहे असंही म्हणत नाही. पहिला अध्याय गंभीर, लयबद्ध, जवळजवळ स्तोत्रासारखा आहे: सूर्य, चंद्र, समुद्र हे शेजारच्या राष्ट्रांचे देव इथे देवाच्या हातच्या वस्तू होतात. दुसरा अध्याय मातीत हात घालणाऱ्या देवाची जवळिकीची गोष्ट सांगतो. दोन्ही हवेत म्हणून दोन्ही ठेवले.

नोहाच्या पुराबद्दल मला जास्त बोलायचं आहे, कारण इथे हा विषय पुस्तकी राहत नाही.

कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या पुढे गेलं. चिखली, आंबेवाडीची माणसं बोटींतून बाहेर काढावी लागली, महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला. २०२१ मध्ये पुन्हा तेच. त्यानंतर काही प्रार्थनासभांत मी ऐकलं की हा नोहाच्या काळासारखा देवाचा न्याय आहे, लोकांच्या पापामुळे आलेला. ज्यांच्या घरात गुडघाभर गाळ होता, ज्यांची जनावरं दावणीला मेली होती, अशी माणसं समोर बसलेली असताना हे बोललं गेलं. अक्षरवाद हा नुसता बौद्धिक वाद नाही, तो माणसांना लागतो, हे मला तेव्हा कळलं.

उत्पत्तीचे ६ ते ९ अध्याय शांतपणे वाचले तर काय दिसतं? एका ठिकाणी नोहाने प्रत्येक जातीची एक जोडी तारवात, म्हणजे त्याच्या मोठ्या नावेत, घ्यायची आहे (६:१९), दुसऱ्या ठिकाणी शुद्ध पशूंच्या सात-सात (७:२). एकीकडे चाळीस दिवस पाऊस, दुसरीकडे पाणी दीडशे दिवस चढलेलं. दोन जुन्या कथा इथे विणल्या गेल्या आहेत, असं बहुतेक अभ्यासक मानतात. १८७२ मध्ये ब्रिटिश म्युझियममध्ये जॉर्ज स्मिथ यांनी मेसोपोटेमियातली एक मातीची पाटी वाचली, तेव्हा त्याहून मोठा धक्का बसला: तिथेही महापूर होता, नाव होती, जमीन शोधायला सोडलेले पक्षी होते, शेवटी यज्ञ होता. ही गोष्ट त्या प्रदेशात फार आधीपासून सांगितली जात होती.

यामुळे बायबल खोटं ठरलं असं अनेकांना वाटलं. मला वाटतं, बायबल काय म्हणतं ते त्यामुळेच ऐकू येऊ लागलं. बॅबिलोनी कथेच्या एका रूपात देव पूर पाठवतात ते माणसांच्या गोंगाटाने झोप लागत नाही म्हणून. पूर आल्यावर ते स्वतःच घाबरतात, आणि यज्ञाचा वास येताच माश्यांसारखे गोळा होतात. इस्राएल लोकांनी तीच ओळखीची गोष्ट घेतली आणि तिच्यातला देव बदलला. इथे पुराचं कारण आहे पृथ्वीवर भरलेला जुलूम. इथला देव झोपमोडीने चिडत नाही. त्याच्या मनाला दुःख होतं, असं ६:६ सांगते. आणि गोष्टीचा शेवट आहे करार: पुन्हा कधीही जलप्रलयाने सर्व प्राण्यांचा नाश होणार नाही, आणि त्याची खूण म्हणून मेघधनुष्य. तारवाच्या फळ्या अरारात डोंगरावर शोधणाऱ्यांच्या हातून नेमकं हेच निसटतं. आणि पूरग्रस्तांना नोहाची भीती घालणारे तर त्या गोष्टीच्या शेवटाच्याच विरोधात उभे राहतात.

प्रभू येशूने स्वतःच हा प्रश्न मांडला होता. शिलोहातला बुरूज कोसळून अठरा माणसं दगावली. ती इतरांहून अधिक पापी होती काय? तो म्हणतो, नाही (लूक १३:४-५). पंचगंगेच्या पुराला कारणं आहेत. घाटमाथ्यावरचा पाऊस, राधानगरीचा विसर्ग, नरसोबावाडीला कृष्णेचं पाणी चढलं की मागे तुंबणारी पंचगंगा, आणि पूररेषेच्या आत उभी राहिलेली बांधकामं. देवाचा कोप म्हटलं की ही शेवटची गोष्ट कुणी विचारत नाही.

शब्दाला धरून बसणाऱ्यांशी येशूची गाठ शुभवर्तमानांत, म्हणजे त्याच्या चार चरित्रग्रंथांत, वारंवार पडते, विशेषतः योहानाच्या. नव्याने जन्मला पाहिजे म्हटल्यावर निकदेम विचारतो, म्हातारपणी आईच्या पोटात कसं शिरणार? जिवंत पाणी म्हटल्यावर शोमरोनी बाई म्हणते, पोहरा तर तुमच्याकडे नाही. हे मंदिर मोडा, मी तीन दिवसांत उभारीन म्हटल्यावर लोक हिशेब करतात की ते बांधायला ४६ वर्षं लागली. परूशी या धर्मपुढाऱ्यांच्या खमिराविषयी जपा म्हटल्यावर शिष्यांना वाटतं, आपण भाकरी आणायला विसरलो म्हणून हा बोलतोय. दर वेळी शब्दशः घेणारा चुकतो, आणि येशू त्याला थोडं पुढे नेतो.

विज्ञानापेक्षाही अवघड जागा आहे ती नीतीची. यहोशवाच्या सहाव्या अध्यायात यरीहोतले स्त्री-पुरुष, तरुण-म्हातारे सगळे तरवारीने मारले जातात. पहिल्या शमुवेलाच्या १५व्या अध्यायात अमालेक्यांची तान्ही मुलंही मारण्याची आज्ञा देवाच्या नावाने येते. अक्षरवाद्याला म्हणावं लागतं की देवाने हे खरोखर सांगितलं आणि ते योग्यच होतं. मला हे म्हणता येत नाही, आणि म्हणू नये असं मला वाटतं ते ख्रिस्तामुळे. एका शोमरोनी गावाने येशूला उतरू दिलं नाही, तेव्हा याकोब आणि योहान म्हणाले, आकाशातून अग्नी पडून यांचा नाश व्हावा अशी आज्ञा करू का? एलीया संदेष्ट्याने तसं केलं होतं, शास्त्रात लिहिलेलं होतं. येशूने वळून त्या दोघांना धमकावलं (लूक ९:५५). डोळ्याबद्दल डोळा हेही लिहिलेलंच होतं. त्यावर तो म्हणतो, पण मी तुम्हांला सांगतो. शास्त्र ख्रिस्ताच्या उजेडात वाचायचं, हा नियम त्यानेच घालून दिला.

लिहिलेल्या शब्दाचं ओझं कुणाच्या पाठीवर पडतं, हे कोल्हापूरला वेगळं सांगायला नको. १८९९ मध्ये शाहू महाराजांसाठी वेदोक्त मंत्र म्हणायला नकार मिळाला, तोही शास्त्राच्याच आधाराने. अमेरिकेत गुलामांचे मालक इफिसकरांस पत्रातली ओवी वाचून दाखवत: दासांनो, धन्यांच्या आज्ञेत राहा. गुलामगिरीविरुद्ध लढणारे ख्रिस्ती लोक त्याच पौलाचं गलतीकरांस ३:२८ पुढे करत: यहूदी नाही, हेल्लेणी नाही, दास नाही, स्वतंत्र नाही, ख्रिस्त येशूमध्ये तुम्ही सगळे एकच आहात. अक्षराच्या हिशेबात मालकांची बाजू कमजोर नव्हती. या भागातल्या बऱ्याच ख्रिस्ती घराण्यांचे पूर्वज गावकुसाबाहेरून आले. त्यांना जवळचं वाटलं ते गलतीकरांसमधलं वचन, आणि त्यांची निवड बरोबर होती.

आता सगळ्यात कठीण प्रश्न. सहा दिवस शब्दशः नाहीत, पूर शब्दशः नाही, तर पुनरुत्थान तरी का मानायचं? थांबायचं कुठे?

याला मी पळवाट काढणार नाही. पुनरुत्थान मी मानतो, आणि ते बोधकथा म्हणून नव्हे. ख्रिस्त उठवला गेला नसेल तर आमची घोषणा व्यर्थ, असं पौल करिंथकरांस लिहितो, आणि ते मला मान्य आहे. पण लिखाणाचा प्रकार पाहा. उत्पत्तीचा पहिला अध्याय लिहिणारा, मी तिथे होतो असं म्हणत नाही. कुणीच तिथे नव्हतं. पौलाने ते पत्र साधारण इ.स. ५५ मध्ये, म्हणजे वधस्तंभानंतर पंचवीसेक वर्षांत लिहिलं. त्यात तो नावं देतो: केफा (म्हणजे पेत्र), बारा शिष्य, याकोब, पाचशेहून अधिक बंधू, आणि त्यातले बहुतेक अजून हयात आहेत असंही सांगतो. विचारायचं तर जाऊन विचारा, असा त्याचा सूर आहे. तो स्वतः आधी या लोकांचा छळ करणारा होता. चार शुभवर्तमानांत कबरेपाशी दिसलेल्या देवदूतांची संख्या जुळत नाही, बायकांची नावं जुळत नाहीत. अक्षरवादाला ही अडचण वाटते. माझ्या दृष्टीने चौघांनी बसून मजकूर जुळवला नाही, याची ती खूण आहे. रविवारची पहाट, रिकामी कबर आणि मग्दालीया मरीया मात्र चौघांतही आहेत. ही साक्ष गणितासारखी सिद्ध होत नाही. तिच्यावर विश्वास ठेवावा लागतो. पण तो साक्षीदारांवरचा आणि ज्याच्याबद्दल ते बोलतात त्या ख्रिस्तावरचा विश्वास आहे, आणि पृथ्वीच्या वयाचा आकडा बदलला म्हणून तो डळमळण्याचं कारण नाही.

घरात आजी सहा दिवस शब्दशः मानत असेल तर तिच्याशी वाद घालू नका. तिने तिच्या बायबलमधून प्रार्थना शिकली, क्षमा शिकली, आजाऱ्याच्या उशाशी बसायला शिकली. तिचं वाचन चुकलं असं म्हणायची माझी हिंमत नाही. पण नातू शंका घेऊन आला तर त्याला गप्प करू नका. संडे स्कूलच्या शिक्षकांनी त्याला उत्पत्तीचे पहिले दोन अध्याय एका बैठकीत वाचायला द्यावेत, कागदावर दोन्हींचा क्रम लिहायला सांगावा, आणि मग विचारावं: दोन्ही ठेवणाऱ्याला यातून देवाबद्दल काय सांगायचं असेल? उत्तर द्यायला त्याला आठवडाभर वेळ द्यावा.